वारसा आणि व्यवसाय

लहानपणी नाव कमावलेल्या मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्या घरांतून नेहमी विचारला जातो. पण त्याचे उत्तर ऐकून घेण्याइतका धीर फार थोड्यांपाशी असतो. मूल आठव्या वर्षी सुरेल गाऊ लागले, दहाव्या वर्षी बुद्धिबळात थोरांस हरवू लागले, किंवा बाराव्या वर्षी टेनिसची रॅकेट घेऊन जिल्ह्यात पहिले आले, की आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांच्या मनात त्याचे पुढील तीस वर्षांचे चरित्र लिहून तयार होते. पुढे ते मूल त्या चरित्राबरहुकूम वाढले नाही, म्हणजे 'वाया गेला' एवढा शेरा मारून आपण मोकळे होतो. या शेऱ्यात विचार किती थोडा आणि अन्याय किती मोठा असतो, हे एका टेनिसपटूच्या उदाहरणावरून वाचकांपुढे मांडण्याचा आमचा आज मानस आहे. हल्ली पुष्कळ सुशिक्षित घरांतून मुले-मुली या खेळाकडे वळत आहेत, आणि शाळा सोडवून मुलास खेळातच घालावे काय, असा सल्ला आईबाप विचारू लागले आहेत. म्हणूनही हे उदाहरण उपयोगी पडेल.

हे उदाहरण मद्रासच्या कृष्णन घराण्याचे आहे. प्रथम नावांचा उलगडा केला पाहिजे, कारण आपल्याकडील वाचकांचा येथे हमखास घोटाळा होतो. तमिळ देशी आपल्यासारखी आडनावाची चाल सर्रास नाही. मुलाच्या नावास बापाचे नाव जोडले, की काम भागते. टी. के. रामनाथन हे आजोबा. त्यांचे पुत्र रामनाथन कृष्णन. आणि कृष्णन यांचे पुत्र रमेश कृष्णन. नुसती नावे ओळीने वाचली, तरी घराण्याची साखळी हातात येते. तिन्ही पिढ्या टेनिस खेळल्या. आजोबांनी मुलास शिकविले, मुलाने नातवास शिकविले. आपल्याकडे वेदपठण, कीर्तन वा गायन ज्या रीतीने घराण्यात चालत आले, त्या रीतीने येथे एक विलायती खेळ चालत आला, हा प्रकार मोठा मनोरंजक आहे.

रामनाथन कृष्णन यांचा जन्म १९३७ सालचा. विंबल्डन येथे अठरा वर्षांच्या आतील मुलांचे सामने मोठ्यांच्या स्पर्धेबरोबरच भरतात. १९५३ साली या कुमारस्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते हरले आणि १९५४ साली पुन्हा जाऊन ती त्यांनी जिंकली. अंतिम सामन्यात त्यांनी हरविलेला मुलगा ऑस्ट्रेलियाचा ॲशली कूपर. चारच वर्षांनी, १९५८ साली, तो मोठ्यांचा विंबल्डन विजेता झाला. विंबल्डनची कुमारस्पर्धा जिंकणारे कृष्णन हे पहिलेच आशियाई होत. पुढे १९६० व १९६१ अशी सलग दोन वर्षे ते विंबल्डनच्या पुरुषांच्या उपांत्य फेरीत पोहोचले. पहिल्या खेपेस नील फ्रेझर याने व दुसऱ्या खेपेस रॉड लेव्हर याने त्यांना हरविले, आणि दोन्ही वर्षी तेच दोघे अंती विजेते ठरले. १९६२ साली त्यांना चौथे मानांकन मिळाले होते. पण घोटा दुखावल्यामुळे स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली. १९६६ साली डेव्हिस कपाच्या अंतिम सामन्यापर्यंत भारताचा संघ पोहोचला, त्याचाही मुख्य आधार तेच होते.

एवढे यश मिळूनही या गृहस्थांनी टेनिस हा उपजीविकेचा धंदा केला नाही. किंबहुना त्या काळी तसे करणे म्हणजे अर्ध्या जगास मुकणे होते. १९६८ सालापर्यंत विंबल्डनसारख्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी असत. जो पैसे घेऊन खेळू लागला, त्यास विंबल्डनचे दार बंद होई आणि देशातर्फे डेव्हिस कपही खेळता येत नसे. जॅक क्रेमर हे अमेरिकन गृहस्थ तेव्हा व्यावसायिक खेळाडूंचा फिरता संघ चालवीत. त्यांनी कृष्णन यांना मोठ्या मोबदल्याचे बोलावणे केले. कृष्णन यांनी ते स्वीकारले नाही. १९६८ साली हा भेद मोडला आणि विंबल्डनमध्ये प्रथमच रोख पारितोषिके दिली गेली. त्या वर्षीचा विजेता लेव्हर यास दोन हजार पौंड मिळाले. परंतु तोवर कृष्णन यांचा उमेदीचा काळ सरत आला होता. बापाच्या आयुष्यात जो प्रश्न नकाराने सुटला, तो मुलाच्या आयुष्यात व्यवसाय होऊन उभा राहणार होता.

रमेशचा जन्म १९६१ सालच्या जून महिन्यातला, म्हणजे वडील विंबल्डनच्या उपांत्य फेरीत खेळले त्याच वर्षीचा. खेळाचे पहिले धडे त्यास घरीच मिळाले. या ठिकाणी शिक्षकाच्या नात्याने एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात दोन नाट्याचार्यांचा वाद लागतो, तेव्हा निवाडा करणारी परिव्राजिका असा विचार मांडते, की कोणाची विद्या स्वतः करून दाखविण्यात शोभते, तर कोणाची दुसऱ्यास देण्यात. ज्याच्या ठायी दोन्ही गुण असतील, तोच शिक्षकांत अग्रगण्य. मोठे खेळाडू बहुधा वाईट शिक्षक असतात, कारण आपणांस जे सहज साधले ते दुसऱ्यास का साधत नाही, हेच त्यांना कळत नाही. त्यातून शिष्य पोटचा पोर असला म्हणजे संतापास पारावार राहत नाही. रामनाथन कृष्णन यांच्या ठायी मात्र दोन्ही गुण एकत्र आले होते, असे फळावरून म्हणावे लागते.

ते फळ १९७९ साली दिसले. त्या वर्षी रमेशने प्रथम पॅरिसची फ्रेंच कुमारस्पर्धा जिंकली आणि काही आठवड्यांतच विंबल्डनचीही जिंकली. या दोन विजयांचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. पॅरिसचे मैदान लाल मातीचे. तेथे चेंडू मंदावतो, उंच उसळतो, आणि एकेक गुण मिळविण्यास चिकाटी लागते. विंबल्डनचे मैदान हिरवळीचे. तेथे चेंडू घसरतो, खाली राहतो, आणि विचार करण्यास सवड मिळत नाही. एकाच ऋतूत दोन्हींवर प्रभुत्व गाजविणे म्हणजे एकाच विद्यार्थ्याने व्याकरणात आणि गणितात पहिले येण्यासारखे आहे. जगातील कुमार खेळाडूंत त्या वर्षी रमेश अग्रस्थानी होता. बापाच्या १९५४ मधील विजयानंतर बरोबर पंचवीस वर्षांनी मुलाने त्याच मैदानावर तीच स्पर्धा जिंकली. वर्तमानपत्रांस याहून गोड योगायोग तो कोणता हवा! लोकांनी मनोमन ठरवून टाकले, की बाप जेथे दोनदा अडला, तेथून मुलगा पुढे जाणार. विंबल्डनचा पुरुषविजेता या घरातून निघणार.

तसे झाले नाही. पुरुषांच्या जागतिक क्रमवारीत रमेश यांचा सर्वांत वरचा क्रमांक तेविसावा. तो १९८५ सालच्या जानेवारीत लागला. कुमारांत पहिला आणि पुरुषांत तेविसावा, एवढे दोन आकडे शेजारी मांडले, की शेरा मारणाऱ्यांचे काम सोपे होते. परंतु आकडे मांडणे निराळे आणि वाचणे निराळे.

प्रथम असे पाहा, की कुमारविजेतेपद हे पुढील यशाचे वचनपत्र नसतेच. स्वीडनचा ब्योर्न बोर्ग १९७२ साली विंबल्डनचा कुमारविजेता झाला आणि १९७६ पासून सलग पाच वेळा पुरुषविजेता झाला, हे खरे. पण अमेरिकेचा बिली मार्टिन याने १९७३ व १९७४ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच कुमारस्पर्धा जिंकली. पुरुषांच्या विंबल्डनमध्ये १९७७ सालची उपांत्यपूर्व फेरी हीच त्याची कमाल मजल ठरली. १९७८ चा कुमारविजेता इव्हान लेंडल पुढे जगात पहिला झाला, तरी विंबल्डनचे पुरुषविजेतेपद त्यास अखेरपर्यंत मिळाले नाही. १९८२ चा कुमारविजेता पॅट कॅश याने मात्र १९८७ साली ते मिळविले. एकाच परीक्षेत पहिले आलेल्या या मुलांच्या वाटा अशा चार दिशांस गेल्या. मग परीक्षेने सांगितले तरी काय? एवढेच, की त्या वर्षी, त्या वयाच्या मुलांत, हा मुलगा सरस होता. त्याहून अधिक तिने काही सांगितले नव्हते. अधिक जे ऐकू आले, ते आपल्या कानांनी ऐकले.

दुसरा विचार गणिताचा आहे आणि तो आमच्या मते फार महत्त्वाचा आहे. कुमार खेळाडू आपल्या बरोबरीच्या वयाच्या मुलांशी खेळतो. त्याचे वर्गबंधू एक-दोन इयत्तांतले. पुरुषांत आल्यावर अठराव्या वर्षापासून तेहतिसाव्या वर्षापर्यंतचे सर्व खेळाडू एकाच मैदानात उभे असतात. जणू पंधरा इयत्ता मोडून त्यांचा एकच वर्ग केला आहे. आता प्रत्येक इयत्तेतील पहिला विद्यार्थी जरी मोजला, तरी पंधरा 'पहिले' होतात. अशा वर्गात जो तेविसावा आहे, तो ढोबळ मानाने आपल्या इयत्तेत पहिल्या-दुसऱ्यातच पडतो. म्हणजे ज्यास आपण घसरण म्हणतो, ती पुष्कळ अंशी मापे बदलल्याचा परिणाम आहे. तालुक्याच्या शाळेत पहिला आलेला मुलगा पुण्यामुंबईच्या कॉलेजात विसावा आला, म्हणजे त्याची बुद्धी मंदावली, असे कोणी शहाणा म्हणेल काय? पण खेळाच्या बाबतीत शहाणेही म्हणतात.

तिसरी गोष्ट व्यवसायाच्या स्वरूपाची. टेनिसपटूस पगार नसतो. क्रिकेटच्या खेळाडूस संघ असतो, मंडळ असते. टेनिसपटू हा आपला आपण धनी व आपला आपण चाकर. विमानाचे भाडे, निवासाचा खर्च, शिक्षकाचे वेतन, ही सर्व त्याचीच जबाबदारी. आणि पदरात काय पडणार, ते सामन्याच्या निकालावर. पहिल्याच फेरीत हरला, की पुढच्या गावाचा रस्ता धरावयाचा. क्रमवारी संगणकावर मांडण्याची पद्धत १९७३ साली सुरू झाली. तिच्यात साधारणतः मागील बारा महिन्यांचीच कामगिरी धरतात. गेल्या वर्षी मिळविलेले पुण्य यंदा गळून पडते, आणि ते तेवढेच नव्याने जोडावे लागते. अशा धंद्यात वर्ष दोन वर्षे चमकणे निराळे आणि दशकाहून अधिक काळ टिकणे निराळे. रमेश कृष्णन १९७९ पासून १९९३ पर्यंत त्यात टिकले. त्या अवधीत त्यांनी एकेरीच्या आठ व्यावसायिक स्पर्धा जिंकल्या. पहिली १९८१ साली मनिला येथे. अमेरिकन स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी त्यांनी १९८१ व १९८७ अशी दोनदा गाठली, आणि विंबल्डनची १९८६ साली. १९८१ मध्ये त्यांस हरविणारा जॉन मॅकेनरो होता. तोच त्या वर्षीचा विजेता.

मग आणखी वर का जाता आले नाही? याचेही उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. नुसते कौतुक करणे म्हणजे दुसऱ्या प्रकारचा अन्याय होय. कृष्णन घराण्याचा खेळ हाताच्या नाजुकपणाचा. चेंडूवर घाव न घालता त्यास दिशा देणे, प्रतिस्पर्ध्याचा वेग त्याच्याच अंगावर परतविणे, जेथे तो नाही नेमक्या त्या कोपऱ्यात चेंडू नेऊन ठेवणे, ही त्यांची विद्या. परंतु बापाची सर्व्हिस मवाळ होती, आणि मुलाचीही तशीच. सर्व्हिस म्हणजे डावाचा पहिला टोला. ज्याची सर्व्हिस जबर, त्यास कित्येक गुण फुकट मिळतात, आणि ज्याची मवाळ, त्यास प्रत्येक गुण घाम गाळून मिळवावा लागतो. बापाच्या काळी सर्वांच्याच हाती लहान तोंडाच्या लाकडी रॅकेटी होत्या, तेव्हा ही उणीव भरून काढता येई. १९७६ साली हॉवर्ड हेड या अमेरिकन संशोधकास मोठ्या तोंडाच्या रॅकेटचे पेटंट मिळाले, आणि १९८० नंतरच्या दशकात लाकूड जाऊन ग्रॅफाइट आले. रॅकेट हलकी पण ताठ झाली, तोंड मोठे झाले, आणि खेळात जोर हाच प्रधान होऊन बसला. म्हणजे घराण्याने जी विद्या दिली ती अस्सल होती; पण ती ज्या युगात वापरावयाची ते युगच बदलले.

संयुक्त कुटुंबात राहणाऱ्या आमच्या वाचकांस हा भाग विशेष विचार करण्यासारखा वाटावा. घर मुलास जे देते त्यात बळ आणि उणीव ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेली असतात. आजोबांचे अक्षर नातवाच्या हाती उतरते, तसा त्यांचा हट्टही उतरतो. गाठोड्यातील चांगले तेवढे घेईन आणि उणे तेवढे टाकीन, असे मुलास ठरविता येत नाही. कारण ते दोन्ही त्याच्या हाडीमासी भिनलेले असते. रमेश यांनी दुसऱ्याची नक्कल करून जोराचा खेळ अंगी आणण्याचा खटाटोप केला असता, तर कदाचित घरचे गेले असते आणि दारचेही आले नसते. त्यांनी आपला खेळ आपल्याच रीतीने शेवटपर्यंत खेळला. त्याची किंमत मोजली आणि त्याचे फळही चाखले.

ते फळ कोठे दिसले, हे सांगतो. १९८७ साली डेव्हिस कपाच्या उपांत्य सामन्यासाठी भारताचा संघ ऑस्ट्रेलियास गेला. सिडनीची हिरवळ, प्रतिपक्षाचे घर, आणि टेनिसच्या इतिहासात ज्यांचे नाव अग्रभागी असा तो प्रतिपक्ष. चार सामन्यांनंतर दोन्ही पक्षांचे दोन-दोन विजय झाले. पाचव्या, निर्णायक सामन्यात रमेश कृष्णन यांची गाठ वॉली मासूर याच्याशी होती. त्यांनी तो एकही सेट न गमावता जिंकला. त्याआधी पहिल्या एकेरीत जॉन फिट्झजेराल्ड यासही त्यांनी हरविले होते. त्या तीन दिवसांत तेविसावा काय आणि तेरावा काय, क्रमांकाची विचारपूस कोणी केली नाही. अंतिम सामना स्वीडनमध्ये योटेबोर्ग येथे झाला. त्यात भारताचा सपशेल पराभव झाला. तरी एक गोष्ट राहतेच. भारताचा संघ डेव्हिस कपाच्या अंतिम टप्प्यावर आजवर तीनदा पोहोचला आहे. १९७४ साली दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी धोरणाच्या निषेधार्थ आपण खेळण्यासच नकार दिला. उरलेल्या दोन वेळी, १९६६ मध्ये बाप आणि १९८७ मध्ये मुलगा, देशाकडून मैदानात उभे होते.

पुढे १९८९ च्या आरंभी ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत रमेश यांच्यासमोर मॅट्स विलँडर आला. तो त्या वेळी जगातील पहिल्या क्रमांकाचा खेळाडू आणि त्या स्पर्धेचा गतविजेता. रमेश यांनी त्यास सरळ तीन सेटमध्ये हरविले. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. कुमारविजेतेपदास दहा वर्षे होत आली होती. 'वाया गेलेला' मनुष्य असा खेळत नाही.

कारकिर्दीच्या शेवटी त्यांच्या हातून आणखी एक काम झाले, आणि ते आम्हांस विजयाइतकेच मोलाचे वाटते. १९९२ साली बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये दुहेरीत त्यांच्या जोडीस एकोणीस वर्षांचा लिअँडर पेस होता. या मुलाने १९९० साली विंबल्डनची कुमारस्पर्धा जिंकली होती. १९५४ व १९७९ नंतरचा हा तिसरा भारतीय. ही जोडी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये फ्रेज्यूस येथे मातीच्या मैदानावर फ्रान्सला हरविणाऱ्या भारतीय संघात हे दोघे बरोबर होते. एकाने निरोप घ्यावा आणि दुसऱ्याने भार उचलावा, हे हस्तांतर किती शांतपणे झाले! पुढे रमेश यांनी चेन्नईत वडिलांच्या सहकार्याने मुलांना टेनिस शिकविण्यास आरंभ केला. खेळणारा शिक्षक झाला. घराण्याची साखळी पुढे चालू राहिली, फक्त आता शिष्य घराबाहेरचे होते.

लिअँडर याची पुढील वाट निराळी पडली. एकेरीत त्याचा सर्वोच्च क्रमांक १९९८ सालचा त्र्याहत्तरावा. पण १९९६ साली अटलांटा येथे त्याने एकेरीचे ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकी येथे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळविले होते. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी भारतास मिळालेले हे पहिले वैयक्तिक पदक. मग दुहेरीत आपला खरा अधिकार आहे, हे ओळखून तो त्यात रमला, आणि पुरुष व मिश्र दुहेरी मिळून चार मोठ्या स्पर्धांची अठरा विजेतेपदे त्याने जोडली. हैदराबादच्या सानिया मिर्झा हिची कथाही याच जातीची. २००३ साली विंबल्डनच्या कुमारींच्या दुहेरीत ती विजयी झाली. २००७ मध्ये एकेरीत सत्ताविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. पुढे दुखापतींनी एकेरी सोडावी लागली, तेव्हा दुहेरीस वाहून घेऊन २०१५ साली ती जगात पहिली झाली. दिल्लीचा युकी भांबरी २००९ साली ऑस्ट्रेलियन कुमारविजेता झाला. २०१८ मध्ये एकेरीत त्र्याऐंशीपर्यंत गेला. गुडघ्याने दगा दिल्यावर त्यानेही दुहेरीची वाट धरली आणि तीत यश मिळविले. पहिली वाट बंद झाली म्हणून यांपैकी कोणी रस्त्यात बसून राहिले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुलास शाळा सोडवून खेळात घालावे काय, असे जे आईबाप विचारतात, त्यांनी प्रथम स्वतःस तीन प्रश्न विचारावेत, असे आमचे सांगणे आहे. पहिला, की हा मार्ग मुलाचा आहे की आपला? बापाने अडल्या जागेपासून मुलाने पुढे जावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. पण ती मुलाच्या खांद्यावर ठेवण्याचे ओझे नव्हे. दुसरा, की मुलगा पहिला न येता तेविसावा आला, तर आपणांस आनंद होईल काय? ज्यांचे उत्तर 'नाही' असे असेल, त्यांनी या वाटेस जाऊच नये. कारण पहिला एकच असतो, आणि बाकीच्या सर्वांस त्याच मैदानावर आयुष्य काढावयाचे असते. तिसरा, की खेळ संपल्यावर मुलाच्या हाती काय राहील? टेनिसपटूचे व्यावसायिक आयुष्य पस्तिशीच्या आसपास बहुधा आटोपते; पुढे तेवढीच, किंवा अधिक, वर्षे उरतात. त्यासाठी विद्या हवी, दोन भाषा धड बोलता-लिहिता याव्यात, जमाखर्च कळावा. शाळा मुळीच सुटावी, असे आम्ही म्हणणार नाही. तिच्या वेळापत्रकात खेळास जागा करून द्यावी, एवढेच म्हणू. घरचे सोनेनाणे मोडून एकाच मुलावर लावण्यापूर्वी त्याच्या भावंडांकडेही एकवार पाहावे. कुटुंब सर्वांचे आहे.

आणि ज्यांची मुले कधीकाळी चमकून आता साध्या नोकरी-धंद्यास लागली आहेत, त्यांस आमचे सांगणे इतकेच, की कपाटातील जुना चषक पाहुण्यास दाखविताना 'तेव्हा हा केवढा होता!' असे मुलादेखत म्हणू नये. त्यापेक्षा आज तो काय करतो, हे कौतुकाने सांगावे. कुमारवयातील यश म्हणजे मुलाने जगाकडून काढलेले कर्ज नव्हे, की ते त्याने उरलेल्या आयुष्यात व्याजासह फेडीत राहावे. ते त्याचे मिळविलेले आहे आणि तेथेच पुरे झालेले आहे.

कृष्णन घराण्याने मुलास हात दिला, दृष्टी दिली, आणि विंबल्डनपर्यंतची वाट दाखविली. त्यापुढील चौदा वर्षे तो आपल्या पायांनी चालला. कधी हरला, कधी जगातील पहिल्यास हरविले, आणि अखेरीस पुढच्यास जागा देऊन बाजूस झाला. घराने याहून अधिक काय द्यावयाचे असते, आणि मुलाने याहून अधिक काय करावयाचे असते?